नव्या ड्रायव्हरांची पायरी बांधणारे शेजवळसाहेब

शेजवळसाहेबांची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली. तो फोन मी भांडायलाच केला होता.

तेव्हा मी वाशीम जिल्ह्यात आमच्या गावी होते. माझे पती अशोक वाघमारे बहरीनला एका ट्रक कंपनीत ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून गेले होते. जाताना एजंटनं सांगितलं होतं, दर वर्षी पगार वाढतो. वर्ष झालं, वर आणखी दोन महिने गेले, तरी पगार होता तेवढाच. आमच्या ह्यांना विचारलं की म्हणायचे, "बघू, देतील." हा माणूस स्वतःसाठी कुणापुढे तोंड उघडणार नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. मग अडीअडचणीला म्हणून त्यांनी लिहून दिलेला कंपनीचा नंबर मीच लावला.

पलीकडून कुणीतरी इंग्रजीत बोललं, मग हिंदीत. मी विचारलं, "मराठी कुणी आहे का तिथं?"

"मी आहे की. बोला बाई."

"आमच्या ह्यांची पगारवाढ कुठं अडकली ते सांगा."

"सांगतो. पण आधी फोन ठेवा, तुमचे पैसे जातायत. नंबर आलाय माझ्याकडे, मी लावतो."

मला वाटलं, टाळतायत. पण दोन मिनिटांत फोन वाजला. त्यांनी नाव सांगितलं, दयानंद शेजवळ, ड्रायव्हर सेक्शनमध्ये क्लार्क. मग नियम समजावला. वाढ फक्त जानेवारीत होते आणि ज्याचं त्या दिवशी एक वर्ष पूर्ण झालंय त्यालाच मिळते. आमचे हे फेब्रुवारीत लागले होते. जानेवारीत त्यांचे अकराच महिने भरले, म्हणून आता पुढच्या जानेवारीची वाट बघायची.

मी बोटांवर मोजलं आणि म्हटलं, "म्हणजे डिसेंबरात आलेला तेरा महिने थांबतो आणि फेब्रुवारीत आलेला तेवीस? मग एजंटला सांगून ठेवा ना, माणसं डिसेंबरातच पाठव म्हणून."

मग ते हसले. "बाई, शिक्षण किती तुमचं?"

"सातवी."

"सातवी पुष्कळ झाली. आमच्या कंपनीत एवढा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही."

हा किस्सा साहेब दर कार्यक्रमात सांगतात आणि नव्या ड्रायव्हरांची पायरी, म्हणजे ठरल्या तारखेला मिळणारी पगारवाढ, माझ्या फोनमुळे सुरू झाली असं म्हणतात. आज लिहायची संधी मिळाली आहे तर खरं काय ते लिहून ठेवते. पुढे मी त्यांची त्या काळातली वही पाहिली. कोण कोणत्या तारखेला लागला, पहिली वाढ कधी मिळाली आणि कधी सोडून गेला, असे तीन रकाने त्यांनी माझ्या फोनच्या किती तरी आधीपासून आखले होते. त्यांच्या डोक्यात प्रश्न होताच. नवा माणूस घर सोडून येतो. त्याला त्याची वाढ कुणापुढे हात न पसरता, वेळच्या वेळी मिळेल का? साहेबांची पुढची सगळी वर्षं याच प्रश्नात गेली.

साहेब मूळचे नाशिक जिल्ह्यातले. आयटीआयला डिझेल मेकॅनिक झाले आणि तिशीच्या आसपास बहरीनला आले. पहिली काही वर्षं वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली झोपून काढली, मग पाठ धरली म्हणून ऑफिसात आले आणि पुढे सेक्शनचे प्रमुख झाले. कंपनीचं ऑफिस, जिथं आता मीही काम करते, बहरीनच्या सित्रा भागात यार्डच्या कडेला आहे. पत्र्याचं छप्पर, एक एसी, आणि खिडकीतून दिसणाऱ्या ट्रेलरच्या रांगा. साहेब खिडकीला पाठ करून बसत नसत. गाडी आत आली की ड्रायव्हर कसा उतरतो ते बघायचे. "दार आपटलं म्हणजे रस्त्यात काहीतरी बिनसलंय," म्हणायचे आणि चहा मागवून ठेवायचे.

ज्यांना ट्रकच्या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रायव्हरचा पगार दोन भागांत असतो. एक बेसिक आणि दुसरा ट्रिपचा भत्ता. नव्या माणसाचं बेसिक कमी असतं आणि ट्रिपाही कमी मिळतात, कारण इथलं हेवी लायसन्स हातात येईपर्यंत आणि समुद्रावरच्या पुलावरून सौदीला जायची कागदपत्रं होईपर्यंत त्याला यार्डातच गाड्या पुढेमागे करायला ठेवतात. त्यात वाढ टक्क्यानं. तोच टक्का जुन्याच्या मोठ्या बेसिकवर चांगला दिसतो, नव्याच्या हातात मात्र चिल्लर येते. म्हणून दोन वर्षांचा करार संपला की नवे ड्रायव्हर दुसऱ्या कंपनीत जायचे. म्हणजे ज्यांना शिकवण्यात कंपनीनं वेळ आणि पैसा घातला, तेच नेमके कामाला तयार झाले की निघून जायचे.

साहेबांनी हे तेव्हाच्या मालकांपुढे मांडलं. मालक इथलेच, स्वतः तरुणपणी ट्रक चालवलेले, बोलायला सडेतोड. ते म्हणाले, "शेजवळ, सगळ्या कंपन्या जानेवारीतच देतात."

साहेब म्हणाले, "म्हणून तर सगळ्यांचेच ड्रायव्हर दोन वर्षांनी पळतात."

मालक चिडतील असं ऑफिसात सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी वही मागून घेतली आणि एक आठवडा ठेवून घेतली. परत देताना एवढंच म्हणाले, "यल्ला, चल, करून बघ. माझं नुकसान झालं तर तुझी वाढ बंद."

अशी पायरी आली. ड्रायव्हर आजही तिला पायरीच म्हणतात, पंजाबी आणि केरळीसुद्धा. नव्या माणसाला पहिल्या तीन वर्षांत चार वाढी. पहिली सहा महिने भरून लायसन्स मिळाल्यावर, मग एक वर्षाची, दोन वर्षांची आणि तीन वर्षांची. जानेवारीची वाट बघायची नाही, ज्याची त्याची लागल्याची तारीख धरायची. टक्का नाही, ठरलेले दिनार. तीन वर्षांनंतर तो जुना झाला, मग इतरांबरोबर जानेवारीच्या यादीत. साहेबांचं म्हणणं साधं होतं. माणूस सगळ्यात जास्त शिकतो ते पहिल्या तीन वर्षांत, मग त्याचा पगारही तेव्हाच भराभर चढायला हवा.

जुन्या ड्रायव्हरांना हे आवडलं नाही. खानचाचा म्हणून एक वयस्कर पठाण होते, ते सगळ्यांसमोर म्हणाले, "शेजवल साब, नए को मलाई, और हम क्या बूढ़े बैल हैं?"

साहेब म्हणाले, "चाचा, नए को सिखाएगा कौन? बैल ही सिखाएगा ना!" सगळे हसले, चाचाही हसले. पण साहेबांनी त्यावर भागवलं नाही. जो जुना ड्रायव्हर नव्याच्या शेजारी बसून त्याला शिकवेल त्याला ट्रेनर भत्ता, हेही त्यांनी मालकांकडून मंजूर करून घेतलं. चाचा पहिले ट्रेनर झाले. काही वर्षांनी आमचे हे दुसरे झाले. त्या भत्त्यामुळे ह्यांचा पगार फॅमिली व्हिसाला पुरेसा झाला आणि मी बहरीनला आले. सनद नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला. म्हणून मी म्हणते, माझ्या घराच्या भिंती साहेबांनी बांधल्या.

आता ह्यांच्या एका चुकीबद्दल लिहिते. साहेबांच्या या गौरवग्रंथात, आता हयात नसलेल्या माणसाची चूक कशाला, असं एकदोघांनी सुचवलं. पण त्या चुकीशिवाय साहेबांचा मोठेपणा कळत नाही, आणि आमच्या ह्यांनाही ती लपवलेली आवडली नसती.

पायरी मिळायला ट्रेनरचा कागद लागायचा. त्यावर दहा गोष्टी होत्या. रिव्हर्स घेणं, ट्रेलर जोडणं आणि सोडणं, माल बांधणं, टायर तपासणं, पुलावरची कागदपत्रं, असं सगळं. प्रत्येक गोष्टीला एक मार्क. आमच्या ह्यांनी काय करावं? दोन वर्षं, हाताखालून गेलेल्या सातही जणांना दहापैकी दहा दिले. एकालाही नऊ नाहीत.

मग अशाच एका दहापैकी दहावाल्यानं यार्डात घोटाळा केला. ट्रेलर उभा करताना त्याच्या पुढच्या बाजूला दोन लोखंडी पाय खाली सोडतात. गाडी जोडल्यावर ते वर घ्यायचे असतात. हा ते वर न घेताच निघाला आणि पाय फरफटत गेटपर्यंत गेला. दोन्ही पाय वाकले. तो आवाज ऐकून मालक स्वतः बाहेर आले. त्यांनी कागद मागवले. सगळ्यांना दहा बघून म्हणाले, "ही ड्रायव्हरांची परीक्षा आहे की लग्नाचा आहेर?" आणि पुढच्या महिन्यापासून पायरी बंद, सगळ्यांना पुन्हा जानेवारी, असं सांगून टाकलं. साहेबांनी हात जोडून एक महिन्याची मुदत मागितली.

त्या शुक्रवारी सकाळी ते आमच्या घरी आले. मी चहा टाकला होता. आत आल्याबरोबर, न बसताच विचारलं, "अशोक, काय लिहून ठेवलंस हे?"

"साहेब, कमी लिहिलं तर पोराची वाढ जाईल. त्याच्या घरी कुणीतरी वाट बघत असेल ना."

"आणि उद्या यानं रस्त्यावर कुणाला चिरडलं, तर त्याच्या घरी कुणी वाट बघत नसेल?"

मी कपबशा घेऊन दारातच थांबले. साहेबांचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तू सात जणांवर दया केलीस. पुढे येणाऱ्या सगळ्यांची पायरी त्या दयेत जातेय."

मग ते बसले. चहा घेतला. अर्धा कप झाल्यावर निराळ्याच आवाजात म्हणाले, "पण चूक तुझ्या एकट्याची नाही. कागद मी असा बनवला की खरं लिहिणाऱ्याला पाप केल्यासारखं वाटावं. एका मार्कानं माणसाची वर्षाची वाढ जाते म्हटल्यावर कुठला भला माणूस मार्क कापेल? आता आपण कागद बदलू."

दुसऱ्याला रागावता रागावता स्वतःची चूक सापडणं आणि ती त्याच दमात, त्याच्याच बायकोसमोर सांगून टाकणं, हे मी त्या दिवशी पाहिलं. अशी माणसं मी पुस्तकांत वाचली होती. घरात आलेली पहिल्यांदा बघितली.

कागद बदलला. ट्रेनरच्या मार्कांवर कोणाला कोणत्या रस्त्यावर पाठवायचं आणि कोणाला पुन्हा शिकवायचं ते ठरू लागलं. फारच कमी पडले तर पायरी तीन महिने पुढे, वर्षभर नाही. तेवढ्या काळात त्याला पुन्हा शिकवायची जबाबदारी ट्रेनरची. शेवटचं कलम साहेबांनी हट्टानं घातलं. गाडीचं काही नुकसान झालं आणि ड्रायव्हरनं त्याच दिवशी स्वतः येऊन सांगितलं, तर पायरी थांबणार नाही.

मालक म्हणाले, "हे तर मोडणाऱ्याला बक्षीस झालं."

साहेब म्हणाले, "आत्ता तुम्हाला किती नुकसान कळतं, मालक? जेवढं लपवता येत नाही तेवढंच."

मालकांनी साहेबांच्या वहीतच सही केली आणि पायरी बंद व्हायची टळली.

आमचे हे त्या सातही जणांबरोबर पुन्हा गाडीत बसले. महिनाभर संध्याकाळी घरी येऊन माझ्यासमोर कागद भरायचे. मार्क कापताना पेन थांबायचं. सातांतल्या तिघांची पायरी पुढे गेली. त्यांतला गुरमीत नावाचा पंजाबी मुलगा कितीतरी दिवस ह्यांच्याशी बोलला नाही. आज तोच ट्रेनर आहे आणि त्याच्या कागदावर दहापैकी दहा मिळालेला ड्रायव्हर शोधावा लागतो.

साहेबांची आणखी एक पद्धत सांगितली पाहिजे. नव्या ड्रायव्हरचा पहिला पगार झाला की त्याला ते टेबलाशी बोलवायचे आणि त्याची सॅलरी स्लिप त्यालाच मोठ्यानं वाचायला लावायचे. बेसिक किती, ट्रिपचे किती, कापले किती आणि का. ज्याला वाचता येत नसे त्याला ते दर महिन्याला बोलवत, वाचता येईपर्यंत. एकानं वैतागून विचारलं, "साब, पैसा तो उतना ही आएगा, पढ़ने से बढ़ेगा क्या?" साहेब म्हणाले, "बढ़ेगा नहीं. लेकिन घटेगा तो पता चलेगा."

मलाही इंग्रजी अक्षरं त्यांनी अशीच शिकवली, ह्यांच्या जुन्या स्लिपांवरून. मराठी मी वाचत होतेच. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शेजवळवहिनींकडे असते. वहिनी मला दर शुक्रवारी दोन पुस्तकं काढून देत, आणि साहेब बुदैयाच्या शेतांवरून आणलेल्या पालेभाजीची एक जुडी त्यावर ठेवत. वहिनी म्हणत, "अहो, पुस्तक ओलं होईल!" साहेब म्हणत, "वाचून झालं की वाळेल." कपाट वाचून संपलं तेव्हा वहिनींनी ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं आणि मी केलंही.

चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले. ड्युटीवर जायला निघाले होते, पलंगाच्या कडेला बसून मोजा घालत होते, आणि तसेच मागे कलले. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही. रोज सकाळी ती वेळ येते आणि जाते.

त्या दिवसापासून पुढचे सगळे कागद साहेबांनी केले. हॉस्पिटल, पोलीस, दूतावास, विमान. मला कुठेही एकटीला खुर्चीवर बसून राहावं लागलं नाही, वहिनी शेजारी होत्या. साहेब स्वतः विमानातून गावापर्यंत आले. वंदना झाल्यावर गावातल्या लोकांना 'जयभीम' करून म्हणाले, "अशोकनं आमच्याकडे सत्तावीस ड्रायव्हर शिकवले. त्यांतल्या एकाच्याही हातून रस्त्यावर माणूस मेलेला नाही." मला हे माहीत नव्हतं. ते मोजून आले होते.

नवऱ्याबरोबर माझा व्हिसाही संपणार होता. गावी मला सासर-माहेर दोन्हीकडे आता कुणी उरलं नव्हतं. पंधरा दिवसांनी साहेबांचा फोन आला. ड्रायव्हर सेक्शनमध्ये रजिस्टर ठेवायला माणूस हवा होता. मी म्हटलं, "साहेब, दया म्हणून देत असाल तर नको."

"दया केली तर काय होतं ते मी तुमच्याच घरी शिकलोय. तीन महिने बघेन. जमलं नाही तर तिकीट काढून देईन."

जमलं. सहा महिन्यांनी माझ्या पगारात थोडी वाढ दिसली. मी विचारायला गेले तर न बघताच म्हणाले, "तुम्हीही नव्याच ना, कमलताई? पहिली पायरी." ऑफिसच्या माणसांना पायरी लागू नव्हती. मालकांकडून ती माझ्यासाठी कशी मंजूर करून घेतली ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

यानंतर जे घडलं ते मी स्वतः ऑफिसच्या टेबलाशी बसून पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी साहेबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. तीन महिने ते नाशिकला होते. तोपर्यंत जुन्या मालकांनी कामातून अंग काढून घेतलं होतं आणि नवे मॅनेजर आले होते. त्या तीन महिन्यांत तीन नव्या ड्रायव्हरांच्या पायऱ्यांच्या तारखा आल्या आणि गेल्या. पगारात काहीच नाही. मी रजिस्टर घेऊन मॅनेजरांकडे गेले. ते सभ्य माणूस आहेत, मला बसायला सांगितलं. मग विचारलं, "हा नियम कुठं लिहिलाय?"

मी फाइल काढली. नेमणुकीच्या पत्रात एकच ओळ होती, वाढ कंपनीच्या धोरणाप्रमाणे. आणि धोरण शेजवळसाहेबांच्या वहीत होतं. दर महिन्याला साहेब वही बघून चिठ्ठी लिहायचे, सही करायचे आणि पगार वाढायचा. मालकांची संमती त्या वहीत होती, कंपनीच्या कुठल्याही कागदात नव्हती. साहेब नाहीत, म्हणजे चिठ्ठी नाही. मॅनेजर म्हणाले, "म्हणजे ही त्यांची मेहेरबानी होती. नियम मफी, नाहीच. खलास."

तिघांपैकी नितीन नावाचा धुळ्याचा ड्रायव्हर होता, कामाला फार चांगला. तो म्हणाला, "ताई, साहेब होते तर वाढ होती. साहेब उद्या रिटायर झाले मग?" त्यानं करार पुढे न करण्याचं पत्र दिलं.

आजारी माणसाला हे कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. वहिनींना फोन केला तो फक्त तब्येत विचारायला. पण साहेबांनी फोन हातात घेतला आणि पहिलाच प्रश्न, "धुळ्याच्या पोराची दोन वर्षांची पायरी झाली ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. साहेबांनी गेलेल्या तिन्ही तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. मी पायरी बांधली, पण ती माझ्याच दाराला टेकवून ठेवली. पोरं आभार मानायला यायची ना, ते मला आवडायचं."

परत आल्यावर ते पहिल्याच आठवड्यात मॅनेजरांना भेटले. रजिस्टर घेऊन मी बरोबर होते. साहेबांनी मागणी केली, चारही पायऱ्या तारखांसकट नेमणुकीच्या पत्रातच छापा, म्हणजे माणूस मुंबईत विमानात बसण्याआधीच त्याच्या हातात ते असेल. मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे. पण मग तुमची सही निघेल. पगार विभाग तारखेप्रमाणे देईल. तुमच्याकडे कुणी येणार नाही, तुम्हाला कुणाची शिफारस करता येणार नाही, कुणाला लवकर देता येणार नाही. या विषयात तुमचा अधिकार संपला."

बहरीनमधल्या अर्ध्या मराठी ड्रायव्हरांना साहेब ठाऊक आहेत ते त्या सहीमुळे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं. "सही काढाच. तेवढ्यासाठीच आलोय."

सगळंच मनासारखं झालं असं नाही. तिघांना पायऱ्या मिळाल्या, पण पुढच्या तारखेपासून. गेलेल्या महिन्यांचे पैसे गेले. नितीन थांबला नाही. तो दुसऱ्या कंपनीत गेला आणि साहेबांना ते अजून लागतं. पण त्या दिवसानंतर आलेल्या प्रत्येक ड्रायव्हरच्या पत्रात चार ओळी आहेत. मी स्वतः रोज बघते.

साहेब या वर्षी साठ पूर्ण करून निवृत्त होत आहेत. गेलं वर्षभर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते घरूनच काम बघतात, यार्डावर येत नाहीत. मंडळानं सत्काराचा कार्यक्रम ठरवला आणि त्याचा कागद, साहेबांच्या फोटोसकट, मी ऑफिसच्या बोर्डवर लावला. गेल्या महिन्यात लातूरकडचा एक नवा ड्रायव्हर रजेचा फॉर्म द्यायला आला. लागून आठच महिने झालेले. फोटोकडे बघून त्यानं विचारलं, "ताई, हे कोण?"

मी म्हटलं, "अरे, तुझी पहिली पायरी झाली ना दोन महिन्यांपूर्वी? ती यांनी..."

"ती ना? ती तर लेटरमध्येच आहे, ताई. तारखेला येतेच." एवढं बोलून तो फॉर्मवर शिक्का घेऊन गेलासुद्धा.

मला वाईट वाटलं. संध्याकाळी साहेबांच्या घरी गेले तेव्हा सांगू की नको असं करत शेवटी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणाला? परत सांगा."

मी परत सांगितलं.

"'येतेच' म्हणाला? 'येतेच'?"

"हो."

त्यांनी वहिनींना आतून हाक मारून बोलवलं आणि मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "झाला माझा सत्कार. आता कार्यक्रमाची गरज नाही." वहिनी म्हणाल्या, "हॉलचे पैसे भरलेत. गुपचूप शाल घ्यायची." पण साहेबांचं लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना एवढं खूश मी पाहिलं नव्हतं.

शेजवळसाहेबांनी आता डॉक्टरांचं ऐकावं, वहिनींचं त्याहून जास्त ऐकावं, आणि नाशिकला गेल्यावर थोडं आपल्यासाठीही जगावं, ही माझी आणि आमच्या ह्यांच्या वतीनंही विनंती. त्यांना निरोगी आणि भरपूर मोठं आयुष्य मिळो. इतकं मोठं की, त्यांचं नावही ठाऊक नसलेले कितीतरी ड्रायव्हर, पायरीमागून पायरी चढत, त्यांच्या डोळ्यांदेखत जुने व्हावेत.